मराठवाड्याचे कान : गिरणीच्या मागापासून हेडफोनपर्यंत

आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल की इतिहासाच्या व्याख्यानमालेत हे कान-नाक-घसा कुठून आलं. हेडफोनने कान बिघडतो का, हा प्रश्न डॉक्टरांचा आहे, आणि त्याचं उत्तर त्यांच्याकडे आहेच. आमचं कुतूहल जरा वेगळं आहे. नांदेड-लातूरच्या पट्ट्यातला माणूस गेल्या शंभरेक वर्षांत काय ऐकत आला, कुणासोबत ऐकत आला, आणि "अरे, आवाज कमी कर" असं त्याला म्हणणारं शेजारी कोण होतं, हे आम्हाला शोधायचं आहे. कारण आजच्या पोराच्या कानातल्या वायरचा खरा घोळ तिथेच आहे असं आमचं मत झालं आहे.

सुरुवात गिरणीपासून करू. नांदेड म्हटलं की बाहेरच्या माणसाला गुरुद्वारा आठवतो. जुन्या नांदेडकराला उस्मानशाही मिल आठवते. निजामाच्या राजवटीत उभी राहिलेली ही कापडगिरणी, भोवताली गावराणी कापसाचं काळं रान. १९७४च्या राष्ट्रीयीकरणात ती सरकारकडे गेली आणि पुढे बंद पडली. कापडगिरणीतलं सगळ्यात गोंगाटाचं खातं म्हणजे मागाचं. गिरणी कामगार त्याला साचाखातं म्हणायचे. जुन्या धोट्याच्या मागांची रांग चालू झाली की तिथला आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या घरात जातो. शेजारी उभ्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच काही कळतं. इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरणीबायांनी तर यासाठी ओठांच्या हालचालींची वेगळी बोलीच तयार केली होती. तिला त्या ‘मी-मॉइंग’ म्हणत. घरी आल्यावरही त्या तशाच बोलत राहायच्या.

गोंगाटाने कान जातो हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्नार्डिनो रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने कामधंद्यांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं. त्यात व्हेनिसच्या तांबटांचं वर्णन आहे. दिवसभर भांडी ठोकून ठोकून हे लोक म्हातारपणी ठार बहिरे होतात, असं तो सांगतो. आपल्या तांबटआळीत वाढलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. पुढे १८८६ साली ग्लासगोच्या थॉमस बार यांनी बॉयलर बनवणारे १०० कामगार घेतले, ओतारी आणि पोस्टमन यांच्याशी त्यांची तुलना केली, आणि खिशातल्या घड्याळाची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते ते मोजलं. साधन बघा किती साधं! पोस्टमन बरे निघाले, बॉयलरवाल्यांचे कान गेलेले निघाले.

पण आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा अभ्यास १९६५चा आहे, स्कॉटलंडमधल्या डंडी गावचा. बंगालचा ताग जिथे जहाजाने जायचा तेच हे डंडी. तिथल्या तागाच्या गिरणीत मागावर आयुष्य काढलेल्या बायकांचे कान टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. मागांचा आवाज वर्षानुवर्षं बदललेला नव्हता, त्यामुळे कोणत्या बाईने किती वर्षं किती आवाज सोसला याचा हिशेब लावता आला. निष्कर्ष असा की नुकसान म्हातारपणाची वाट बघत नाही. ते पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच सगळ्यात जास्त होतं, आणि सुरुवात होते ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या बारीक, उंच पट्टीच्या आवाजांपासून.

हे काय असतं ते थोडक्यात सांगतो, मग पुढे जाऊ. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव आहे, त्यात केसासारखी टोकं असलेल्या पेशी असतात. एका कानात साधारण साडेपंधरा हजार. आवाजाच्या लाटेने त्या हलतात आणि मेंदूला निरोप जातो. फार मोठ्या किंवा फार वेळच्या आवाजाने त्या आधी दमतात. मिरवणुकीतून आल्यावर कानात सूं होतं आणि सकाळी बरं वाटतं, ती ही दमणूक. पुन्हापुन्हा दमल्या की मरतात. माणसात त्या परत उगवत नाहीत. रान जळालं तर पुढच्या पावसात गवत येतं, इथे येत नाही. आणि जातात त्या आधी बारीक आवाजांच्या. म्हणजे माणूस बहिरा झालाय असं कुणालाच वाटत नाही, त्याला स्वतःलाही नाही. त्याला आवाज ऐकू येतो, शब्द नीट लागत नाहीत. स, श, फ, ख ही अक्षरं विरतात. "सात म्हणालास का साठ?" असं तो विचारतो. लोक म्हणतात, लक्ष नाही याचं.

दुसरी गोष्ट, डेसिबलचा हिशेब आपल्या रोजच्या बेरजेसारखा चालत नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सोसायचा वेळ निम्मा करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने आज ठरवलेलं माप असं आहे : ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास. ९० डेसिबल असेल तर चारच तास. १०० असेल तर वीस-पंचवीस मिनिटं, तीसुद्धा अख्ख्या आठवड्यात मिळून. या हिशेबाचा पाया गिरण्या-कारखान्यांतल्या कामगारांच्या कानांवर घातला गेला, हे लक्षात ठेवा. त्या बायाबापड्यांनी कान घालवले तेव्हा हे आकडे हाती आले.

आता हेडफोनकडे येऊ. गंमत अशी की हेडफोन हा लाऊडस्पीकरचा थोरला भाऊ आहे. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरच्या खांद्यावर काही किलोंचा एक सांगाडा टेकवलेला असे, त्यातून एका कानाशी आवाज येई. ही १८८०च्या दशकातली गोष्ट. आज ज्याला आपण हेडफोन म्हणतो तसा दोन्ही कानांवर बसणारा प्रकार १९१०च्या सुमाराला अमेरिकेत नॅथॅनियल बाल्डविन यांनी घरच्या स्वयंपाकघरात बनवला, आणि गिऱ्हाईक मिळालं ते थेट नौदल. २३ जुलै १९२७ला मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं त्या काळात क्रिस्टलचे स्वस्त रेडिओ संच असत. त्यांना विजेची गरज नसे, पण आवाज इतका क्षीण की हेडफोन लावल्याशिवाय काही ऐकू येत नसे. म्हणजे रेडिओच्या पहिल्या काळात बरेच श्रोते कानाला लावून, एकेकटेच ऐकत होते. सगळ्यांनी मिळून ऐकणं नंतर आलं.

आमच्या मुलखात ते आणखी नंतर आलं. का, ते समजायला निजामी राजवट आठवावी लागेल. हैदराबाद संस्थानात ‘गश्ती निशान ५३’ नावाचा फतवा होता. सभा घ्यायची तर आधी परवानगी काढा. ब्रिटिश मुलखात काँग्रेसच्या अधिवेशनांना मोटवाने मंडळींचे ‘शिकागो रेडिओ’चे कर्णे लागत होते, गांधी-नेहरूंच्या जुन्या फोटोंत माइकवर ते नाव दिसतं. त्याच वर्षांत मराठवाड्यात चार माणसं जमवायची तर कागद लागत होता. मग १७ सप्टेंबर १९४८ आला. निजामाने शरणागती जाहीर केली तीही रेडिओवरून. ज्या मुलखात मोठ्याने बोलायला बंदी होती तिथे मोठा आवाज म्हणजे मोकळेपणा, असं समीकरण लोकांच्या मनात बसलं असेल तर त्यात नवल नाही.

हे आम्ही मुद्दाम सांगतोय. शहरातली शिकलेली मंडळी "या लोकांना गोंगाटच आवडतो" असं म्हणून मोकळी होतात. आम्हाला ते पटत नाही. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या तेव्हा वस्त्यावस्त्यांतून प्रल्हाद शिंद्यांचा आवाज घुमायला लागला, भीमगीतं घुमायला लागली. ज्या माणसाला गावच्या चावडीत बसू दिलं नाही त्याच्या घरावरच्या कर्ण्याचा आवाज चावडीपर्यंत जात होता. विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याचाच तो काळ. त्या आवाजाला नुसतं ध्वनिप्रदूषण म्हणणं म्हणजे इतिहास न वाचणं आहे. कानाच्या पेशीला अर्थात हा इतिहास कळत नाही. तिला डेसिबल कळतात. ही अडचण आहे, आणि ती अडचण म्हणूनच मांडली पाहिजे.

मधला काळ मात्र छान होता. परभणीचं आकाशवाणी केंद्र १९६८ला आलं. ग्रामपंचायतीचा रेडिओ, हॉटेलातला रेडिओ, सायकलच्या दांडीला अडकवलेला ट्रान्झिस्टर. बाजारभाव, हवामान, कीर्तन, संध्याकाळच्या बातम्या. त्या रेडिओचा आवाज किती ठेवायचा हे दहा जण ठरवत. म्हातारा म्हणे वाढव, बाजूची बाई म्हणे लेकरू झोपलंय. या ओढाताणीत आवाज आपोआप बेताचा राहायचा. माळेगावच्या यात्रेत चार दिवस कर्णे कानठळ्या बसवायचे हे खरं, पण यात्रा उठली की रान शांत. कानाला विसावा मिळायचा.

१ जुलै १९७९ला जपानमध्ये सोनीचा वॉकमन बाजारात आला. त्याच्या पहिल्या मॉडेलबद्दलची एक गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. त्याला हेडफोनची दोन भोकं होती, दोघांनी ऐकावं म्हणून. आणि एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाण्याचा आवाज खाली जायचा आणि आतल्या माइकमधून शेजारच्याचं बोलणं कानात यायचं. कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांना भीती वाटली होती की चारचौघांत एकट्याने कान झाकून बसणं लोकांना उद्धटपणाचं वाटेल. लोकांना तसं काही वाटलं नाही. पुढच्या मॉडेलांत ते नारिंगी बटण गेलं, दुसरं भोकही गेलं.

आपल्याकडे वॉकमन फार थोड्यांनी पाहिला. आपली खरी उडी मोबाइलची. मेमरी कार्डात दुकानातून गाणी भरून आणायची, हे इथे बसलेल्या अनेकांनी केलं असेल. तेव्हाही बरेच जण फोनच्याच स्पीकरवर वाजवत, साऱ्या एसटीला ऐकवत. मग सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, गाण्याला शेवट राहिला नाही. कॅसेटची बाजू संपायची, रेडिओचं केंद्र रात्री बंद व्हायचं, मोबाइल संपतच नाही. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि शाळा-कॉलेज कानात आलं. आतापर्यंत चैन असलेली वस्तू शाळेच्या दप्तरात जाऊन बसली. दोन खोल्यांच्या घरात एका पोराचा तास चालू, दुसऱ्याचा तास चालू, चुलीपाशी कुकर, बाहेर टीव्ही. वायर न लावून करणार काय?

लातूरचा प्रश्न तर आणखी वेगळा. १९८०च्या दशकाच्या शेवटी राजर्षी शाहू, दयानंद या महाविद्यालयांच्या निकालांमुळे ‘लातूर पॅटर्न’ हे नाव पडलं. आज खेड्यापाड्यांतून सोळा-सतरा वर्षांची हजारो पोरं नीटच्या तयारीला लातूर-नांदेडात खोली करून राहतात. सकाळी क्लास, दुपारी अभ्यासिका, रात्री दीडपट वेगाने रेकॉर्डेड लेक्चर. कानातलं निघतं कधी? अंघोळीला. तेही आता वॉटरप्रूफ निघालेत म्हणतात.

इथे आम्ही जरा तोलून बोलू. अभ्यासिकेत बसून हळू आवाजात व्याख्यान ऐकणाऱ्या पोरीच्या कानाला फारसं भय नाही. शांत जागेत बोलणं ऐकायला ६०-६५ डेसिबल पुरतात. भय आहे ते गोंगाटात. साध्या इअरफोनमध्ये बाहेरचा आवाज आत येतो. तो झाकण्यासाठी माणूस नकळत त्याच्या वर आवाज नेतो, आणि ते त्याला मोठं वाटतही नाही. जुन्या एसटीत इंजिनाचा, काचांचा आवाजच सहज ८० डेसिबलच्या आसपास जातो. लातूरहून अहमदपूर, लोहा करत नांदेडला यायला तीन-साडेतीन तास. त्या खडखडाटाच्या वर ९० डेसिबलला गाणी लावली तर मघाचा हिशेब काढा : आठवड्याचा वाटा चार तासांचा. जाताना तीन तास संपले, परत येताना मर्यादा ओलांडली. घरी लावलेलं, कॉलेजच्या वाटेवर लावलेलं, झोपताना कानात राहून गेलेलं, ते वेगळंच. आणि शनिवारी कुणाच्या तरी वरातीत डीजेपुढे तासभर. कान या सगळ्याची एकच खतावणी ठेवतो.

एकूणच जगाचा अंदाज काय? तरुण वयातले शंभर कोटींहून जास्त लोक अशा ऐकण्याने धोक्यात आहेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. धोक्यात आहेत, म्हणजे सगळे बहिरे झालेत असं नव्हे. वर्तमानपत्रं हा फरक खाऊन टाकतात. २०२४च्या जूनमध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी आपली श्रवणशक्ती अचानक गेल्याचं सांगितलं तेव्हाही तेच झालं. त्यांच्या डॉक्टरांनी कारण विषाणूचं सांगितलं होतं. त्यांनी हेडफोन आणि मोठ्या आवाजाबद्दल सावध केलं, ते योग्यच. पण लोकांनी दोन्ही गोष्टी एक करून टाकल्या. हेडफोनने येणारा बहिरेपणा असा एका सकाळी येत नाही, तो डंडीच्या बायांना आला तसा दबकत येतो.

कायद्याचं पाहू. कामगार कायद्याच्या अनुसूचीत गोंगाटाने येणारा बहिरेपणा हा कळवण्याजोगा रोग आहे. कामगाराचा कान निदान कागदावर तरी मालकाची जबाबदारी आहे. कर्ण्यांसाठी २०००चे ध्वनिप्रदूषण नियम आहेत : निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा बंदी. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांच्यासारख्यांनी त्यासाठी न्यायालयात वर्षानुवर्षं खेटे घातले. २००५च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानेही सविस्तर निकाल दिला. हे सगळे कायदे एकाचा आवाज दुसऱ्याच्या कानात जातो तेव्हाचे. हेडफोनचा आवाज फक्त लावणाऱ्याच्या कानात जातो. तक्रार करणारं कुणी नाही. चावडीवरचा म्हातारा नाही, लेकरू झोपलंय म्हणणारी बाई नाही.

फेब्रुवारी २०२५मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना पत्र पाठवलं : इअरफोन ५० डेसिबलच्या आत, दिवसाला दोन तासांहून जास्त नको, मधे विश्रांती घ्या. हेतू चांगला. पण ५० डेसिबल म्हणजे हलक्या आवाजातलं बोलणं, एसटीत ते ऐकूच येणार नाही. जागतिक संघटना ८० म्हणते, दिल्ली ५० म्हणते, आणि लातूरच्या पोराच्या फोनवर नुसत्या रेघा असतात, डेसिबल नसतातच. न पाळता येणारा नियम माणूस पूर्णच सोडून देतो, गश्ती निशानाच्या प्रदेशातल्या आम्हा लोकांना हे चांगलं ठाऊक आहे.

एक बाजू राहिली. आमच्या परिचयातल्या मुली सांगतात की घरात स्वतःची अशी एकच जागा असते, कानातली. सासरी-माहेरी कुणी काय ऐकावं यावर दहा डोळे असतात, तिथे ती वायर म्हणजे दार लावून घेणं आहे. तेव्हा "काढ ते कानातलं" असं दरडावणाऱ्या बापाची बाजू आम्ही घेणार नाही. आवाज किती आणि किती वेळ, एवढाच आमचा आग्रह.

आता चिठ्ठ्या आल्या आहेत, तीन घेतो.

पहिली : "बाहेरचा आवाज मारणारे महागडे हेडफोन चांगले की वाईट?" कानासाठी चांगलेच, कारण गोंगाट आधी कमी होतो, मग गाणं वाढवावं लागत नाही. रस्त्यावर आणि रुळांवर मात्र वाईट, मागून येणारी गाडी ऐकू येत नाही.

दुसरी : "लहानपणी कान फुटला होता, अजून कधी कधी वाहतो. चालेल का?" वाहत्या कानात बोंड घालू नका, दुसऱ्याचं तर मुळीच नको. तेलही घालू नका, आजीने सांगितलं तरी. आधी कान कोरडा करून घ्या, म्हणजे डॉक्टरकडून.

तिसरी : "आपला कान गेलाय का, कसं ओळखावं?" कानात गाणं चालू असताना हातभर अंतरावरच्या माणसाला ओरडावं लागत असेल तर आवाज जास्त आहे. काढल्यावर कानात सूं वाजत असेल तर त्या दिवसाचा वाटा संपला. आणि नक्की जाणायचं असेल तर ऑडिओमेट्री. काचेच्या बंद खोलीत बसवतात, बारीक बारीक आवाज सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. दुखत नाही, अर्धा तास लागतो. नांदेडला विष्णुपुरीच्या शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय संस्थेत कान-नाक-घसा विभाग आहेत, तिथे चौकशी करा. कागदावर आलेख काढून देतात. त्यात ४,०००च्या खुणेपाशी खड्डा दिसतो का, तेवढं डॉक्टरांना विचारा.